गेलेले आटे

यंत्राच्या संसारात जी वस्तू सर्वांत स्वस्त, जी हरवली तर कोणी शोधीत नाही आणि मोडली तर कोणी हळहळत नाही, त्या बोल्टाचे आटे गेले तर दुकानापर्यंत एक खेप घातली की काम भागते. परंतु तो बोल्ट ज्या छिद्रात जाऊन बसावयाचा त्या छिद्राचे आटे गेले, म्हणजे मात्र सारे प्रकरण पालटते, कारण छिद्र बाजारात विकत मिळत नाही. ते ज्या ओतीव भागात असते तो भाग मिळतो, आणि त्याची किंमत बोल्टाच्या शेकडो पट असते. वैशेषिकांनी अभावाला सातव्या पदार्थाचा मान दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे भूतलावर नसलेला घट असावा. पण अभाव किती मोलवान असू शकतो, हे कळावयास इंजिनाच्या हेडातले चौदा मिलिमीटरांचे भोक एकदा स्वहस्ते बिघडवून पाहावे लागते.

माझ्यावर हे प्रकरण ओढवले ते माझ्याच हाताने, त्यामुळे कोणाविरुद्ध फिर्याद मांडण्याचीही सोय उरली नाही. घरात वडिलांच्या वेळची चेतक स्कूटर आहे. बजाजने ही गाडी १९७२ साली बाजारात आणली आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा सारा संसार तिच्या पाठीवर बसून हिंडला, हे सर्वश्रुत आहे. खंडेनवमीला शस्त्रांच्या जागी हल्ली वाहनांची पूजा होते, तेव्हा पूजेपूर्वी तिची थोडी शुश्रूषा करावी, या सद्‌हेतूने मी उजव्या बाजूचे झाकण काढले, प्लग सोडवून पॉलिश पेपरने घासला आणि पुन्हा बसवू लागलो. पहिला वेढाच तिरपा लागला असावा. हाताने फिरेना म्हणून पान्हा लावला, पान्ह्यानेही फिरेना म्हणून जोर लावला. क्षणभर पान्हा जड झाला, आतून काहीतरी करकरले आणि पुढच्या क्षणी तो ताकातल्या रवीसारखा हलका फिरू लागला. ज्याने हा हलकेपणा एकदा अनुभवला आहे, त्याला त्या क्षणी पोटात उठणारा गोळा समजावून सांगावा लागत नाही.

असल्या अपराधास फार ताकद लागते असे मात्र समजू नये. ॲल्युमिनियमच्या हेडात चौदा मिलिमीटरांचा प्लग आवळावयास साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर इतका पीळ पुरतो. पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दहा-बारा किलोंचा भार दिला की तो भरतो. सहा मिलिमीटरांच्या लहान बोल्टाची मर्यादा तर दहा न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे वीतभर पान्ह्याला पाच किलोंचा रेटा. भाजीची पिशवी उचलणाऱ्या मनगटात याच्या कितीतरी पट बळ असते. मळसूत्र हे मुळातच बळ वाढविणारे यंत्र आहे. उतरणीचा रस्ता एका दंडाभोवती गुंडाळावा तशी त्याची रचना, आणि त्या गुंडाळलेल्या उतरणीवर आपण थोडक्या श्रमात जो दाब निर्माण करतो तो आपल्याला दिसत नाही, हीच त्यातली गोम आहे.

हेड काढून द्यावे की गाडीच न्यावी, या विवंचनेत दोन दिवस घालवून अखेर मी गाडी टेम्पोत चढवली आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेली. उद्यमनगराविषयी बाहेरच्यांना सांगावयाचे तर, एका पिढीने शेतातल्या विहिरीवरची तेलाची इंजिने आणि गुऱ्हाळांचे चरक दुरुस्त करता करता जी कारागिरी कमावली तिच्यातून पुढे ओतशाळा, खराद आणि यंत्रशाळा यांचे सारे मोहोळ उभे राहिले, आणि आज देशातल्या मोटारींना लागणारे बिडाचे भाग या जिल्ह्यात ओतले जातात; पण गल्लीतून चालताना ही थोरवी जाणवत नाही, जाणवतो तो जळलेल्या तेलाचा वास, पायांखाली निळसर भाजलेला लोखंडाचा किस आणि एकाच वेळी चारी दिशांनी येणारा घरघराट. मी ज्या मेस्त्रींकडे गेलो त्यांच्या दुकानावर पाटी नाही. सत्तरीच्या घरातला माणूस. चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. त्यांनी प्लगच्या भोकात करंगळीचे टोक घातले, हलकेच फिरवले आणि डोळे मिटून म्हणाले, "आटं गेल्यात, सर. भोक बोडकं झालंय."

मग थोड्या वेळाने, "कुणी आवळला ह्यो?"

"मीच," मी कबूल केले.

"मग बरं झालं. दुसऱ्यानं आवळला असता तर भांडान लागलं असतं."

चार नट सोडवून त्यांनी हेड उतरवले. ते उतरवावेच लागते असे नाही. जागच्या जागीही काम करणारे पुष्कळ आहेत. टॅपच्या खोबणीत ग्रीस भरले म्हणजे कातरलेला किस त्यातच अडकतो, आणि राहिलेला किस पिस्टन हलवून, हवा मारून बाहेर काढता येतो. पण उघड्या सिलिंडरवर किस पाडणे हे मेस्त्रींच्या शिरस्त्यात बसत नव्हते.

हेड टेबलावर ठेवून त्यांनी आधी जी गोष्ट केली तिचे मला नवल वाटले. त्यांनी पितळी काट्यांची एक जुडी काढली, जिच्या प्रत्येक पात्यावर करवतीसारखे दाते होते, आणि प्लगच्या आट्यांवर एकेक पाते लावून पाहिले. हा आटेमाप. प्लग चौदा मिलिमीटरांचा आणि सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही; पण आयुष्यभर परक्या यंत्रांशी गाठ पडलेल्या माणसाने कशावरही लगेच विश्वास ठेवू नये, अशी त्यांची वहिवाट. आणि त्या वहिवाटीला कारण आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत अजूनही दोन राज्यांचा अंमल एकत्र नांदतो. इंचाचे आठ सूत. तीन सुती बोल्ट, चार सुती बोल्ट ही भाषा, १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती येऊन एवढी वर्षे लोटली तरी, जिभेवरून गेलेली नाही. अडीच सुती व्हिटवर्थ बोल्ट आणि आठ मिलिमीटरांचा मेट्रिक बोल्ट यांच्या जाडीत फरक किती, तर मिलिमीटरचा सोळावा हिस्सा. बोटाला तो कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. परंतु एकाचे आटे १.४१ मिलिमीटरांवर आणि दुसऱ्याचे १.२५ वर. एक दुसऱ्याच्या घरात शिरतो, दोन वेढे सुखाने जातो आणि मग अडतो. अडला म्हणून जो त्याला पान्हा लावतो, तो भोकाचा घात करतो. मेस्त्रींच्या मते त्यांच्याकडे येणाऱ्या गेलेल्या आट्यांतले कितीतरी या विजोड सोयरिकीचे बळी.

ही सोयरीक जमवणारी मंडळीही एकेकाळी प्रत्येक गावात वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या प्रत्येक कारखान्याचे आटे त्याचे स्वतःचे असत, आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेल याची कोणी हमी देत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने, जो पूर्वी हेन्री मॉड्सले या थोर कारागिराच्या हाताखाली राबला होता, निरनिराळ्या प्रमुख कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची पैमाश केली आणि १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक सर्वमान्य तजवीज मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. पुढे १८६४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला, कारण तो सामान्य कारागिराला घडवावयास सोपा. गंमत अशी, की अर्ध्या इंचाच्या बोल्टाला व्हिटवर्थच्या हिशेबाने इंचात बारा आटे आणि सेलर्सच्या हिशेबाने तेरा. एका आट्याच्या या भाऊबंदकीने दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना एवढे हैराण केले, की अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तिघांनी १९४८ साली रीतसर तहनामा करून एकच आटा पत्करला. त्यात विजयी झालेला कोन सेलर्सचा, आणि आजच्या मेट्रिक आट्याचाही कोन तोच. पराभूत व्हिटवर्थ मात्र जुन्या इंजिनांत आणि नळांच्या जोडांत अजून ठाण मांडून आहे.

आता मुळातल्या रोगाकडे वळू. बोल्ट पोलादी, भोक ॲल्युमिनियमचे; हा विषम विवाह हल्लीच्या यंत्रांत सर्वत्र आढळतो, कारण वजन कमी हवे आणि उष्णता लवकर निघून जावयास हवी. पोलादापेक्षा ॲल्युमिनियम मऊ, आणि तापले असता सुमारे दुप्पट प्रसरण पावणारे. म्हणजे इंजिन तापले की हेड फुगते, पोलादी बोल्ट तितका लांबत नाही, आणि मधला सारा ताण आट्यांच्या मुळाशी येतो. म्हणूनच जाणता रचनाकार पोलादातले भोक बोल्टाच्या जाडीइतके खोल ठेवतो, बिडातले दीडपट आणि ॲल्युमिनियममधले दुपटीपर्यंत नेतो. परंतु खोली वाढवून भागत नाही, कारण दहा आट्यांनी दहावा-दहावा हिस्सा भार उचलावा असा न्याय तेथे नसतो. नटाखालचा पहिलाच आटा जवळजवळ तिसरा हिस्सा उचलतो, दुसरा त्याहून कमी, आणि पाच-सहा आट्यांनंतरचे तर नावापुरतेच दाखल. पहिला थकला की त्याचा बोजा दुसऱ्यावर पडतो, तो थकला की तिसऱ्यावर. हे इतक्या भरभर घडते की आपल्याला ते एकाच करकरीत ऐकू येते. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

उपाय रोगाच्या मानाने. आटे नुसते चेपले असतील किंवा गंजाने भरले असतील, तर ते साफ करावेत, कापू नयेत. हा भेद फार महत्त्वाचा असून पुष्कळ जण तो विसरतात. कापणारा टॅप घातला की तो उरलेल्या आट्यांचाही थोडा अंश घेऊन जातो. मेस्त्री यासाठी जुन्याच बोल्टाला करवतीने उभ्या दोन चिरा पाडतात. त्या चिरांत घाण साठते, आटे मात्र शाबूत राहतात. भोक खोल असून वरचेच आटे गेले असतील, तर थोडा लांब बोल्ट घालून तळच्या अस्पर्श आट्यांना कामाला लावता येते, आणि हा उपाय दिसावयास लबाडीचा असला तरी खरोखर शास्त्रशुद्ध आहे. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे, पातळ पत्र्याची चिंधी सारणे, लांबी भरणे, हे प्रकार मात्र ज्याला गाडी विकावयाची आहे त्याने करावेत.

आणि जेथे आटे समूळ गेले, तेथे एकच मार्ग उरतो. "भोक मोठं केल्याबिगर दुरुस्त हुईत न्हाई," मेस्त्री म्हणाले, आणि हेड शिकंजात धरता धरता माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसले, कारण ते वाक्य मी मनात दोनदा घोळवले हे त्यांना दिसले असावे. फाटलेले वस्त्र शिवताना आपण छिद्राच्या कडा जवळ आणतो, भिंतीचे भगदाड बुजवताना त्यात भर घालतो. धातूत मात्र आधी जे उरले आहे तेही सोडून द्यावे लागते, निरोगी अंगापर्यंत कोरीत जावे लागते आणि मग त्या मोठ्या पोकळीत मूळ मापाची नवी पोकळी वसवावी लागते. मोठे करून तसेच सोडणे, म्हणजे एक माप वरचा बोल्ट घालणे, हाही प्रघात आहे. पण प्लगला वरचे माप कोठून आणावयाचे?

पूर्वी अशा वेळी खरादावर पितळेचा किंवा पोलादाचा बुश कातीत. बाहेरून अठरा मिलिमीटरांचे आटे, आतून चौदांचे. अजूनही काही जण तोच पसंत करतात, आणि जेथे हेडाची भिंत जाड आहे तेथे तो उत्तम. मेस्त्रींनी काढली ती निराळीच वस्तू: एका चपट्या डबीतून वेटोळे घातलेली तार. हिला सारा बाजार हेलिकॉइल म्हणतो. मूळचे ते एका अमेरिकन कंपनीचे नाव, पण वनस्पती तुपाला जसे डालडा, तसे ते आता जातिवाचक झाले आहे. विमानांची इंजिने हलक्या धातूंची होऊ लागली आणि प्लगांची भोके वरचेवर निकामी होऊ लागली, त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या तारेचा विस्तार झाला. तार गंजरोधक पोलादाची, आणि तिचा छेद गोल नसून शंकरपाळ्यासारखा. तिचे वेटोळे घातले म्हणजे बाहेरच्या अंगाला एक मळसूत्र तयार होते आणि आतल्या अंगाला दुसरे. बाहेरचे हेडात रुतते, आतले बोल्टाचे स्वागत करते. सुटी असताना ती भोकाहून किंचित जाड असते, त्यामुळे आत गेल्यावर तिला फाकावयाचे असते आणि फाकता येत नाही. त्या दबलेल्या हट्टानेच ती जागेवर राहते, डिंक नाही, झाळ नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण निंदेने म्हणतो. येथे पिळावरच सारी मदार.

या कामाचा टॅपही खास. पुढचा भाग जुन्या चौदांच्या मार्गाने शिरून वाट धरतो, मागचा भाग सुमारे साडेपंधरा मिलिमीटरांचे नवे आटे कापीत येतो, त्यामुळे निराळे गिरमिट मारावे लागत नाही. मेस्त्रींनी काटकोन्या लावून तो दोन दिशांनी उभा आहे हे पाहिले, रॉकेलचे चार थेंब सोडले, आणि सुरुवात केली: अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मागे का, तर कापलेला किस तुटावा म्हणून. बिडावर तेल लावीत नाहीत, त्याचा किस भुकटी होऊन पडतो. पोलादाला तेल, ॲल्युमिनियमला रॉकेल. अर्धा पुढे, पाव मागे. त्या लयीत पंधरा-वीस मिनिटे गेली आणि त्या वेळात ते एकदाही बोलले नाहीत. आट्यांची पूर्ण उंची कापण्याचा मोह धरू नये, हे मात्र त्यांनी नंतर सांगितले. तीन चतुर्थांश उंचीचा आटा आणि पूर्ण उंचीचा आटा यांच्या बळात शेकडा पाचांचाच फरक, पण पूर्ण उंचीसाठी टॅपला तिप्पट जोर सोसावा लागतो, आणि तो जोर सोसताना टॅप मोडतो.

मोडलेला टॅप ही या धंद्यातली सर्वांत मोठी आपत्ती. टॅपचे पोलाद इतके कठीण, की त्यावर दुसरे गिरमिट चालत नाही. मोडका बोल्ट असेल तर त्याच्या मध्यावर भोक पाडून उलट्या आट्यांचा इझी-आउट घालता येतो, किंवा वर नट झाळून त्या उष्णतेनेच त्याची पकड सैल करता येते. परंतु इझी-आउटही त्याच कठीण पोलादाचा, आणि तोही मोडला तर एका मढ्यावर दुसरे मढे. अशा वेळी ठिणगीचे यंत्र लागते. १९४३ साली सोव्हिएत रशियात बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे दांपत्य विजेच्या संपर्कबिंदूंची झीज कशी थांबवावी याचा अभ्यास करीत होते. झीज थांबली नाही, पण ठिणगीने धातू हवा तसा झिजवता येतो, हे त्यांच्या ध्यानी आले. आज उद्यमनगरात "टॅप जाळून देतो" म्हणणारा जो कोणी आहे, तो त्या फसलेल्या अभ्यासाचा वारस.

याहून जुनी एक युक्ती मात्र मला अधिक आवडली. पितळेच्या घड्याळात पोलादी स्क्रू मोडून बसला, किंवा सोन्याच्या कामात गिरमिटाचे टोक अडकले, तर घड्याळजी आणि सोनार ती वस्तू तुरटीच्या कढत पाण्यात ठेवतात. तुरटीचे पाणी आम्लधर्मी. ते पोलाद हळूहळू खाऊन टाकते आणि पितळेला किंवा सोन्याला शिवत नाही. रात्रभर, कधी दिवसभर लागतो. दाढीनंतर गालावर फिरवायची ती तुरटी कठीण पोलादाचा असा निकाल लावते, हे ऐकून मी मेस्त्रींना विचारले, की तुम्ही कधी करून पाहिले का. "केलंय की," ते म्हणाले, "पण गिऱ्हाईक थांबत न्हाई, तुरटीला घाई चालत न्हाई."

टॅप बाहेर आला, हवा मारून भोक स्वच्छ झाले, आणि तार एका दांड्याच्या टोकावर चढली. तारेच्या खालच्या टोकाला आत वळवलेली एक शेपटी असते. दांडा तिला धरून तार खाली ओढीत नेतो. ढकलीत नव्हे, ओढीत; ढकलली तर वेटोळे फुगून अडेल. वरचा वेढा हेडाच्या पृष्ठभागापासून पाव-अर्धा आटा आत बुडाला, तेव्हा त्यांनी दांडा उलटा फिरवून काढला आणि लांब चोचीच्या पकडीने शेपटी खाली वर वाकवून तोडली. हा तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर अनर्थ, आणि असले गंजरोधक पोलाद चुंबकाला नीट दाद देत नाही; हेड उतरवण्याचा त्यांचा आग्रह का, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्यांनी तो तुकडा बोटावर घेऊन मला दाखवला आणि एका काड्यापेटीत टाकला. पेटीत तसले आणखी पुष्कळ होते. किती तारा बसवल्या आणि किती शेपट्या बाहेर आल्या, याचा तो हिशेब. पेटी म्हणजेच त्यांची बारनिशी.

आता हे भोक पहिल्यापेक्षा बळकट झाले आहे, ही समजूत घालण्यासाठी केलेली बतावणी नव्हे. हेडाच्या मऊ धातूला नवे आटे मोठ्या परिघावर मिळाले, म्हणून भार विभागला गेला. बोल्टाला स्पर्श आता पोलादाचा. आणि तार किंचित लवचीक असल्यामुळे पहिल्या आट्याचा अन्यायी बोजाही खालच्यांकडे थोडाफार सरकतो. विमाने आणि शर्यतीच्या मोटारी बांधणारे तर कोऱ्या करकरीत भागांतच ही तार बसवून ठेवतात. प्लग आपली बरीच उष्णता आट्यांवाटे हेडाला देतो; ते सैल राहिले तर प्लगचे टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच इंधन पेटते, म्हणून येथे बसणे घट्ट हवे.

हेड चढले, चार नट कर्णाकर्णाने आवळून झाले, आणि मी नवा प्लग मेस्त्रींच्या हाती दिला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुमीच लावा."

मी पान्हा उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला. प्लग बोटांनी धरून मी आधी उलटा फिरवला, जसे त्यांनी खुणेने सांगितले तसे. कोठेतरी तो टक्‌ करून एका पायरीवरून उतरल्यासारखा झाला, तेव्हा सुलटा फिरवला, आणि तो शेवटपर्यंत बोटांनीच गेला. मग त्यांनी पान्हा परत दिला, पण माझा हात दांड्याच्या टोकावरून उचलून मानेजवळ आणून ठेवला, जेथून फार जोर लावताच येत नाही.

"अर्धा येढा," ते म्हणाले. "नवा हाय म्हणून अर्धा. जुना असता तर घड्याळाचा एक तास."